टोकियोतले बिऱ्हाड

'बिऱ्हाड' हा शब्द मला लहानपणापासून आवडतो. घर म्हटले की त्याला पाया आला, वास्तुशांत आली, सातबाऱ्याचा उतारा आला. बिऱ्हाडाला यातले काही लागत नाही. एक शेगडी, दोन पातेली, चार वळकट्या आणि भांडायला दोन माणसे एवढ्या भांडवलावर ते उभे राहते. माझे वडील प्राथमिक शिक्षक. त्यांच्या बदल्यांच्या कृपेने कोरेगाव, वडूज, फलटण, मेढा अशी चार गावची बिऱ्हाडे मी दहावी होण्यापूर्वीच पाहिली होती. त्यामुळे बिऱ्हाड कसे मांडावे हे आता आपल्याला कोणी शिकवायला नको, अशी माझी समजूत होती. २०२४ च्या सप्टेंबरात टोकियोने ती दूर केली.

सुरुवात विमानतळावरच झाली. तिथल्या अधिकाऱ्याने दोन्ही हातांनी, अगदी तीर्थप्रसाद द्यावा तसे, एक चकचकीत कार्ड माझ्या हाती दिले. परदेशी माणसाला जपानात राहायचे तर हे कार्ड सदैव जवळ बाळगावे लागते. त्यावर माझा फोटो होता, जन्मतारीख होती आणि मी या देशात कोणत्या नात्याने आलो आहे हे जपानीत लिहून खाली इंग्रजीत स्पष्ट केले होते : 'डिपेंडंट'. मी मराठीचा अधिव्याख्याता. प्रतिशब्द सापडल्याखेरीज मला चैन पडत नाही. 'आश्रित' म्हणावे तर त्याला पेशवाईतल्या भटजींचा वास येतो. 'अवलंबित' हा शब्द सरकारी. रांगेत उभ्या उभ्या मी 'पोष्य'पर्यंत पोहोचलो होतो, तेवढ्यात मागून ही म्हणाली, "अहो, पुढं सरका. लोक खोळंबलेत."

हिच्या कार्डावर 'इंजिनिअर' असे होते.

आता हे उलटे कसे झाले ते सांगायला हवे. आमची सौभाग्यवती संगणकातली. पुण्याच्या एका कंपनीत तिने वीस वर्षे काढली. तिला टोकियोला जाण्याची संधी प्रथम आली ती २०१२ साली. तेव्हा मी म्हणालो होतो, "माझी नोकरी आत्ता कुठं कायम व्हायला आलीय. आणि पोरगी लहान आहे." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. हिने 'बरं' म्हटले आणि संध्याकाळी नेहमीसारखी भाजी निवडायला घेतली. त्यानंतर तो विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही. बारा वर्षांनी तीच संधी दुसऱ्यांदा दारात आली. नोकरी कायम होऊन जुनी झालेली, मुलगी इंजिनिअरिंगच्या वसतिगृहात आणि आई साताऱ्याला धाकट्या भावाकडे सुखरूप. मला सांगायला कारणच उरले नाही. मी दोन वर्षांच्या बिनपगारी रजेचा अर्ज केला. आमच्या स्टाफरूममधल्या एका गृहस्थांनी चहाचा घोट घेत विचारले, "मग तिकडं तुम्ही काय, डबा करून देणार?" सगळे हसले. मीही हसलो. खरे सांगायचे तर त्या दिवशी मला चहा गेला नाही.

असो. पहिले काम जागेचे. सुरुवातीचे तीन आठवडे आम्ही कंपनीच्या खर्चाने एका हॉटेलात होतो आणि तेवढ्यात जागा शोधायची होती. निशि-कासाई नावाचे टोकियोच्या पूर्वेला एक उपनगर आहे. २००० सालच्या आगेमागे संगणकातली पुष्कळ मंडळी आपल्याकडून तिकडे गेली, ती तिथे वस्ती करून राहिली. कचेऱ्यांच्या भागात जाणारी तोझाई लाइन दारात, मसूर-मुगाची डाळ दुकानात, म्हणून. शिवाय तिथे सरकारी गृहनिर्माण संस्थेच्या मोठाल्या इमारती आहेत. त्यांत पागडी नाही, जामीन नाही, दलाली नाही. परदेशी माणसाला याहून मोठे सुख कोणते! पण त्या इमारतींत आमच्या बेताची एकही जागा तेव्हा रिकामी नव्हती, म्हणून आम्ही एका जागेच्या दलालाकडे गेलो.

तो तरुण फार अदबशीर होता. आमच्यासमोर बसून तो एकेका घरमालकाला फोन लावी. दोन वाक्ये होत. तिसऱ्यात 'गाइकोकुजिन' हा शब्द येई. त्याचा अर्थ 'परदेशी' हे मला आधीच ठाऊक होते. मग तो फोनलाच कमरेत वाकून नमस्कार करी आणि आमच्याकडे वळून हवा दातांतून आत ओढी. अशी हवा त्याने सात वेळा ओढली. साताऱ्यात विद्यार्थी असताना मी खोली शोधत हिंडत होतो, तेव्हा 'कोणाचे तुम्ही?' हा प्रश्न ऐकून काही बरोबरीच्या पोरांची तोंडे कशी उतरत ते मी पाहिले होते. मला त्या प्रश्नाचा त्रास कधी झाला नव्हता. तो आता, शेहेचाळिसाव्या वर्षी झाला.

आठवा मालक 'हो' म्हणाला. मग हिशेब निघाला. एक महिन्याचे भाडे आगाऊ. एक महिन्याची अनामत, तिला शिकिकिन म्हणतात. जामीन राहणाऱ्या कंपनीची फी वेगळी, दलालाचा महिना वेगळा. आणि एक महिन्याचे 'रेइकिन'. हे कशाचे, असे मी विचारले. दलाल म्हणाला, मालकांनी जागा दिली याबद्दल कृतज्ञता म्हणून द्यायचे. "परत मिळतात?" "नाही." माझा चेहरा उजळला. "अगं, ही तर पागडी!" मी हिला म्हणालो. इतक्या लांब येऊन ओळखीचे कोणीतरी भेटल्यासारखे वाटले. फरक एवढाच, की गिरगावात पागडी भिंतीकडे तोंड करून मोजत, इथे तिची छापील पावती मिळते.

जागा चौथ्या मजल्यावरची. सहा चटयांच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. जपानात खोली चौरस फुटांत सांगत नाहीत. किती तातामी मावतात ते सांगतात. एक तातामी म्हणजे साधारण तीन फूट बाय सहा फुटांची गवताची जाड चटई. एक माणूस हातपाय आखडून निजला की एक चटई भरली. आमच्या एका खोलीला लाकडी जमीन होती, तरी तिचे माप चटयांतच सांगितले. मला हे माप फार आवडले. आपल्याकडच्या चाळीतली खोलीसुद्धा 'किती अंथरुणे पडतात' यावरच मोजली जात असे.

किल्ली घेऊन आम्ही संध्याकाळी दार उघडले आणि बटण दाबले. दिवा लागला नाही. दुसरे दाबले. तोही नाही. मोबाइलच्या उजेडात छताकडे पाहिले, तर दिव्याच्या जागी नुसती एक पांढरी खुंटी. इथे भाडेकरू जाताना दिवेसुद्धा घेऊन जातो! पडदे नाहीत, शेगडी नाही, आणि गॅस कंपनीचा माणूस येऊन गॅस सुरू करून देईपर्यंत गरम पाणी नाही. ही पिशवीतून एक लहानसे पातेले काढून तशीच उभी होती. येताना वाटेत तिने दूध घेतले होते. नव्या जागेत प्रथम दूध उतू घालायचे हा आमच्याकडचा रिवाज. बिऱ्हाड भाड्याचे असो की मालकीचे. आता दूध होते, पातेले होते, नव्हती ती शेगडी. शेवटी न्हाणीघराच्या दिव्याखाली (तो एकटा तेवढा भिंतीत पक्का बसवलेला होता) आम्ही ते दूध गारच प्यालो आणि अंगावरच्या कोटाच्या वळकट्या करून उशाला घेतल्या.

चार दिवसांत दिवे आले, शेगडी आली. गॅसवाला हा आमचा पहिला पाहुणा. त्याने बूट काढले, वाकून ते दाराकडे तोंड करून नीट जुळवून ठेवले, गॅस सुरू केला, आणि जाताना जणू आम्हीच त्याच्यावर उपकार केले अशा थाटात निरोप घेतला. मी हिला म्हणालो, "चल, आता घाल दूध उतू." ही म्हणाली, "एवढ्यात नको. घालू सावकाश." मला वाटले, दमली असेल.

दलालाने एक गोष्ट बजावून सांगितली होती. नव्या जागेत गेलात की शेजाऱ्यांकडे काहीतरी भेट घेऊन जा. पूर्वी समोरची तीन घरे आणि दोन्ही बाजूंची दोन, एवढ्यांना शेवया, म्हणजे सोबा, वाटण्याची चाल होती. हल्ली टॉवेल, साबण, मिठाई असे चालते. आम्ही टॉवेलांची पाकिटे घेऊन निघालो. भेट देताना 'क्षुल्लक वस्तू आहे' असे म्हणायचे असते. ते वाक्य मी बारा वेळा घोकले होते. डावीकडच्या दारात एक तरुण आला. त्याने पाकीट घेतले, वाकला आणि दार लावले. उजवीकडे सत्तरी उलटलेल्या एक आजी होत्या. त्या पदरासारख्या ॲप्रनला हात पुसत आल्या. मी घोकलेले वाक्य म्हटले. त्या बराच वेळ काहीतरी बोलल्या. मला एक अक्षर समजले नाही. मी मान डोलावत राहिलो. दार बंद झाल्यावर ही म्हणाली, "काय म्हणाल्या?" मी म्हटले, "तुझं जपानी माझ्यापेक्षा बरं." ही म्हणाली, "मला वाटतं, त्यांनी तुम्हाला दोनदा एकच प्रश्न विचारला."

मग वॉर्ड ऑफिस. नव्या जागेत गेल्यापासून चौदा दिवसांच्या आत तिथे वर्दी द्यावी लागते. माझे कुलकर्णी हे नाव तिथल्या बाईंनी जपानी अक्षरांत लिहून घेतले. त्या लिपीत 'ल' नाही आणि जोडाक्षरे तोडावी लागतात, त्यामुळे मी 'कुरुकारुनि' झालो. संस्कृतच्या परीक्षेत या पदाचा विग्रह विचारला असता तर मी सुद्धा क्षणभर अडलो असतो. काम झाल्यावर बाईंनी कागदांचा एक गठ्ठा दिला, त्यात पुराच्या धोक्याचा नकाशा होता. एदोगावा हा आमचा वॉर्ड मोठ्या नद्यांच्या मुखाशी वसलेला. त्याची सुमारे सत्तर टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीहून खाली आहे. २०१९ साली काढलेल्या या नकाशाच्या मुखपृष्ठावर आमचा वॉर्ड दाखवून वर लिहिले आहे, की इथे थांबून चालायचे नाही! मोठा पूर येणार असे कळले तर वॉर्डाबाहेर निघून जा, असा त्याचा अर्थ. नागरिकांना इतके सरळ सांगणारी नगरपालिका मी पाहिली नव्हती. मी तो नकाशा घरी आणून फ्रीजवर लावला आणि हिला म्हणालो, "बघ, खुद्द नगरपालिकाच म्हणतेय." मी विनोद केला होता. ही हसली नाही.

कचऱ्याबद्दल न लिहिता जपानचे बिऱ्हाड पुरे होत नाही. जळणारा कचरा आठवड्यातून दोनदा, बाटल्या-डबे-कागद एकदा, न जळणारा महिन्यातून दोनदा, तोही सकाळी आठच्या आत. बाटलीचे टोपण वेगळे, वेष्टन वेगळे, बाटली विसळलेली. वर कावळ्यांसाठी जाळी. ही कचेरीत जाई, म्हणून हे खाते माझ्याकडे आले. दुसऱ्याच आठवड्यात माझी पिशवी गाडीने नेली नाही. तिच्यावर एक चिठ्ठी चिकटवली होती. मी पिशवी घेऊन चार मजले जिना चढलो. लिफ्टने गेलो असतो, पण लिफ्टमध्ये कोणी भेटले असते. मोबाइलकडून चिठ्ठी वाचवून घेतली. मी वार चुकलो होतो. बावीस वर्षे मी उत्तरपत्रिकांवर शेरे मारत आलो. 'विषय समजलेला नाही', 'पुन्हा लिहा'. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला शेरा दिला, आणि तोही मला न वाचता येणाऱ्या लिपीत.

वाचायला हे गमतीचे वाटेल. दिवसा तसे वाटत नसे. ही सकाळी साडेसातला जाई, ती रात्री आठला येई. मधल्या बारा तासांत मला बोलायला कोणी नव्हते. बोलणे हाच माझा धंदा. शंभर पोरांच्या वर्गात मागच्या बाकापर्यंत पोहोचणारा माझा आवाज, तो आता दुकानातल्या पोरीला पिशवी नको एवढे सांगताना घशात अडके. पाट्या वाचता येत नव्हत्या, औषधाच्या बाटलीवरचे कळत नव्हते. माझी निरक्षर आजी एस. टी. स्टँडवर दिसेल त्याला 'ही गाडी कुठली, बाबा?' असे विचारी, तिची मला रोज आठवण होई. घरात मात्र बायकांचे आवाज होते. न्हाणीघरात पाणी तापले की भिंतीतली एक बाई तसे सांगे. भाताच्या कुकरातली दुसरी भात झाल्याचे सांगे. मी दोघींनाही 'हाय' म्हणत असे. म्हणजे 'हो'.

ऑक्टोबरच्या मध्यावर मी एक अर्ज लिहिला. 'मा. प्राचार्यांस, सा. न. वि. वि., माझी रजा जानेवारीपासून रद्द करून मला रुजू करून घ्यावे.' तो पाठवला नाही. लॅपटॉपवर तसाच ठेवला. विमानाचे भाडेही पाहून ठेवले. हिला मी काही बोललो नाही.

पुढची गोष्ट त्यानंतरच्या आठवड्यातली. दुपारी एकट्यापुरते वरण केले आणि फोडणी घातली. सुक्या मिरच्या टाकल्या. तेवढ्यात मुलीचा फोन आला, म्हणून मी पलीकडे गेलो. परत येतो तो मिरच्या काळ्याठिक्कर आणि घरभर ठसका. अचानक एक तिसरीच बाई ओरडू लागली. 'काजि देसु! काजि देसु!' मी सवयीने 'हाय' म्हणालो. मग छतावरच्या पांढऱ्या डबीकडे लक्ष गेले. ती आगीची सूचना देणारी होती, आणि 'आग लागली, आग लागली' असे सांगत होती. मी कढई नळाखाली घातली (हे अर्थातच आणखी वाईट झाले), गॅलरीचे दार उघडले आणि खोकत बाहेर उभा राहिलो.

आमची गॅलरी आणि आजींची गॅलरी यांमध्ये भिंत नाही. एक पातळ पत्र्यासारखा पडदा आहे, आणि त्यावर काही लिहिलेले आहे. त्या पडद्यामागून आवाज आला, "दाइजोबु देसु का?" हे मला येत होते. ठीक आहे ना? मी ओरडलो, "दाइजोबु!" आणि खोकलो. त्या आणखी काही बोलल्या. मी काय उत्तर देणार? म्हटले, "कारे, कारे!" जपानीत आमटीसारख्या सगळ्याला 'कारे' म्हणतात. दोन मिनिटांत दारावरची घंटा वाजली. आजी उभ्या होत्या. ॲप्रन बांधलेला, हातात लाल रंगाचा, त्यांना उचलवेल न उचलवेल असा, आग विझवायचा नळकांडा. त्यांनी आत डोकावून पाहिले आणि त्यांना सटासट शिंका आल्या. मला आल्या. आम्ही दोघे दारात उभे राहून शिंकत होतो, आणि मग हसू लागलो. त्या देशात आल्यावर मी मोठ्याने हसलो तो तेव्हा.

डबी गप्प झाल्यावर त्या मला गॅलरीत घेऊन गेल्या. पडद्यावरच्या अक्षरांवर एकेक बोट ठेवून त्यांनी ती वाचली, पहिलीच्या बाई वाचतात तशी. मग मूठ वळून पडद्यावर मारल्यासारखे केले, पाय आपटून दाखवला आणि पलीकडे आपल्या घराकडे हात केला. आणीबाणीत हा फोडून शेजारी निघून जायचे. त्यासाठीच तो पातळ ठेवलेला असतो. नंतर त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले, स्वतःकडे दाखवले आणि पुन्हा एकदा मूठ आपटली. त्या एकट्या राहतात हे मला तेव्हा कळले.

त्यांनीच मला वॉर्डातल्या जपानीच्या वर्गाचा पत्ता लिहून दिला. निवृत्त मंडळी हौसेने चालवतात. पहिल्या दिवशी तिथल्या गुरुजींनी फळ्यावर अक्षरांची मांडणी केली : आ, इ, उ, ए, ओ. खाली का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. मी बाकावर सरळ होऊन बसलो. हे तर आपलेच घर! बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृतचा वर्णक्रम तिकडे गेला आणि त्यावरून हा क्रम लावला गेला, हे मी भाषाशास्त्राच्या पुस्तकात वाचले होते. पण वाचणे वेगळे. क्रियापद वाक्याच्या शेवटी, विभक्तीचे प्रत्यय नामाच्या मागे, आणि बोलताना वाक्यावाक्याला आपल्या 'ना'सारखा एक 'ने'. त्या दिवशी घरी येताना मी रस्त्यावरच्या पाट्यांतली आठ अक्षरे ओळखली. दोन चुकीची होती.

दिवाळीत हिने चिवडा केला, तिखट बेताचे घालून. मी डबा भरून आजींना देऊन आलो. चार दिवसांनी तो डबा परत आला, त्यात सहा पिकलेली पर्सिमन होती, प्रत्येक वेगळ्या कागदात गुंडाळलेले. आमची आजीही रिकामे भांडे कोणाला परत करू देत नसे. निदान चार दाणे साखर तरी घालायला लावी.

त्या रात्री फळे कापता कापता मी हिला आगीची हकीकत पुन्हा, जरा मीठमसाला लावून, सांगत होतो. दूध तापत होते. मी मध्येच विचारले, "ते दूध उतू घालायचं तू टाळलंस का गं?" हिने सुरी खाली ठेवली. म्हणाली, "तुमचा अर्ज वाचला होता मी. लॅपटॉप उघडाच होता."

मी काही बोललो नाही.

"परत जायचंच म्हणत होतात, तर कोणाच्या घरात घालायचं दूध उतू?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "जा म्हणाले असते मी. तेव्हा तुम्ही नाही आलात, त्याचा राग नव्हता मला. पण तुम्ही एकदा तरी म्हणाल असं वाटलं होतं, की तुला जायचं होतं का."

"जायचं होतं का?" मी विचारले. बारा वर्षांनी.

"हो," ही म्हणाली.

तेवढ्यात फसफस आवाज झाला. दूध वर आले, पातेल्यावरून ओघळले, ज्योत विझली, आणि २००८ पासून इथल्या प्रत्येक घरगुती गॅसच्या शेगडीला खबरदारीची जी यंत्रणा असते तिने आपण होऊन गॅस बंद केला. तिला बिचारीला आमचा रिवाज काय ठाऊक! मी फडके घ्यायला उठलो. ही शेगडीकडे वाकून पाहत होती.

"पूर्वेकडं गेलं का हो?" तिने विचारले.

मी खिडकीतून नदीच्या दिशेचा अंदाज घेतला आणि म्हणालो, "बहुतेक."

"मग पुसू नका," ही म्हणाली. "राहू दे थोडा वेळ."